जमशेटजींचे दान आणि लोखंडे यांचा अर्ज

जून २०२१ मध्ये श्रीमंतांच्या याद्या करणाऱ्या ‘हुरुन’ या संस्थेने आणि एडेलगिव्ह प्रतिष्ठानाने मिळून शतकातील सर्वांत मोठ्या दानशूरांची जागतिक यादी प्रसिद्ध केली. तिच्यात पहिले नाव जमशेटजी नसरवानजी टाटा यांचे होते. त्यांच्या नावापुढे १०२.४ अब्ज डॉलर, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने सुमारे साडेसात लाख कोटी रुपये, इतके दान मांडले होते. अमेरिकेचे गेट्स दांपत्य दुसऱ्या क्रमांकावर गेले. आपल्या वृत्तपत्रांना साहजिकच आनंद झाला, अग्रलेख निघाले, शाळांतून भाषणे झाली. तेव्हापासून हा आकडा उद्योगपतींच्या गौरवसमारंभात एखाद्या सुभाषितासारखा म्हटला जातो. आपल्या सभांतूनही आता तो ऐकू येऊ लागला आहे, म्हणून त्याची थोडी फोड करणे आवश्यक झाले आहे.

जमशेटजी १९ मे १९०४ रोजी जर्मनीत वारले. पोलादाचा कारखाना तेव्हा कागदावर होता, जलविद्युत केंद्र कागदावर होते, आणि बंगळूरची विज्ञानसंस्था सरकारी पत्रव्यवहारात अडकलेली होती. टाटा सन्स या कंपनीचे दोन तृतीयांश भाग आज विश्वस्त निधींच्या मालकीचे आहेत हे खरे. पण ते निधी मुख्यतः त्यांच्या दोन पुत्रांच्या मालमत्तेतून उभे राहिले. रतन टाटा यांच्या नावाचा निधी १९१९ साली आणि दोराबजींचा १९३२ साली स्थापन झाला. यादी करणाऱ्यांनी या निधींकडील भागांची चालू शतकातील किंमत धरली आणि ती जमशेटजींच्या दानखाती जमा केली. पणजोबांनी पुरलेल्या कोयीला शंभर वर्षांनी लागलेल्या आंब्यांची आजच्या बाजारभावाने किंमत करावी, आणि ती सगळी रक्कम पणजोबांनी दान दिली असे म्हणावे, तशातला हा प्रकार आहे. मधल्या काळात झाडाला पाणी कोणी घातले, कुंपण कोणाच्या पैशाने झाले, हे प्रश्न या हिशेबात येतच नाहीत. १९२४ साली पोलाद उद्योगाला जकातीचे संरक्षण देणारा कायदा झाला. त्या संरक्षणाची किंमत देशातील ग्राहकांनी, म्हणजे नांगराचा फाळ आणि घराचा पत्रा घेणाऱ्यांनीसुद्धा, वाढीव भावाने मोजली. ते संरक्षण योग्यच होते असे माझे मत आहे. परंतु त्यामुळे वाचलेल्या आणि वाढलेल्या भांडवलाच्या किमतीत त्या ग्राहकांचा आणि त्या भट्ट्यांवर राबलेल्या कामगारांचा वाटा आहे, तो एका माणसाच्या औदार्यात विरघळवून टाकता येत नाही.

हे लिहिताना जमशेटजींना लहान करण्याचा हेतू नाही. ते लहान नव्हतेच. त्यांच्या नावावर जे खपवले जात आहे, त्याच्याशी माझे भांडण आहे.

त्यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे पारशी धर्मोपदेशकांच्या घराण्यात झाला. एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण संपवून ते वडिलांच्या पेढीत शिरले आणि हाँगकाँगला गेले. कापूस आणि अफू पाठवायची, चहा व रेशीम आणायचे, असा तो व्यापार होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ साली युद्ध संपताच तो कोसळला. त्यात टाटांची पेढीही आली. तिला सावरले ते दुसऱ्या युद्धाने. १८६७-६८ साली जनरल नेपियरची फौज मुंबईहून ॲबिसिनियावर गेली, तिच्या रसदीच्या ठेक्यात नसरवानजींची भागीदारी होती. मोहीम लवकर आटोपली आणि ठेकेदारांना घसघशीत नफा झाला. मग चिंचपोकळीची दिवाळ्यात निघालेली तेलाची गिरणी घेऊन तिची कापडगिरणी करणे, ती नफ्याने विकणे, लँकेशायरला जाऊन यंत्रे पाहणे, आणि १८७४ साली नागपुरासाठी मध्य हिंदुस्थानची सूतकताई व विणकामाची कंपनी काढणे, असा क्रम आहे. शाळेच्या पुस्तकातील जमशेटजी स्वप्ने पाहतात. अफू आणि ॲबिसिनिया तिथे नसतात. त्या काळातील मुंबईच्या बहुतेक भांडवलाचा उगम असाच होता, म्हणून हा काही व्यक्तीवरचा आरोप नव्हे. पण ‘शून्यातून निर्मिती’ हा शब्दप्रयोग तेवढा सोडून द्यावा. भांडवल शून्यातून निर्माण होत नाही, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकवतात.

नागपूरची निवड ही मात्र खऱ्या उद्योजकाची निवड होती. मुंबईत गिरण्यांची गर्दी होत असताना त्यांनी कापसाच्या शेतांजवळ, रेल्वेच्या टोकाला, वरोऱ्याच्या कोळशाच्या टप्प्यात जागा शोधली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जमीन भरून काढून गिरणी बांधली. एका स्थानिक सावकाराने हा माणूस सोने मातीत घालतो आहे म्हणून भांडवल द्यायचे नाकारले होते, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १ जानेवारी १८७७ रोजी, दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी, ही गिरणी सुरू झाली आणि तिचे नाव एम्प्रेस मिल्स ठेवण्यात आले. राष्ट्रीय उद्योगाच्या जनकाने आपल्या पहिल्या मोठ्या कारखान्याला परकीय राणीची पदवी द्यावी यात कुणाला विसंगती वाटेल. मला त्यात व्यापाऱ्याचे व्यवहारज्ञान दिसते.

त्याच वर्षी त्याच गिरणीत मजुरीच्या दरांवरून संप झाला. हिंदुस्थानातील कामगार चळवळीचे इतिहास या संपाला देशातील सुरुवातीच्या नोंदलेल्या संपांपैकी एक मानतात, काही तर पहिलाच मानतात. गिरणीच्या गौरवग्रंथांत उद्घाटनाची तारीख ठळक असते, संपाचे वर्ष शोधावे लागते. त्या संपात कोण पुढे होते, त्यांचे पुढे काय झाले, याची नोंद ठेवावी असे कुणाला वाटले नाही.

संपानंतरच्या वर्षांत जमशेटजींनी जे केले ते मात्र नीट पाहण्यासारखे आहे. नागपूरच्या कामगाराला गिरणीची शिस्त परकी होती. सण आला, शेताची कामे आली की तो गावी जाई आणि खात्यात माणसे कमी पडत. मुंबईचा मालक अशा वेळी दंड करी. जमशेटजींनी हजेरीसाठी बक्षिसे ठेवली, हवा खेळती राहील अशी सोय केली, आर्द्रता राखणारी यंत्रे आणि आग विझवणारे फवारे बसवले, १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी काढला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई देण्यास सुरुवात केली. त्या काळी कारखान्याचा कायदा काय होता? १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलाला कामावर घेण्यास मनाई केली आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना दिवसाला नऊ तास ठरवून दिले. प्रौढ पुरुषाच्या तासांना कसलीच मर्यादा नव्हती. त्या अंधारात नागपूरचा दिवा उठून दिसतो हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

पण हा दिवा कशासाठी लावला होता, हे खुद्द जमशेटजींनीच सांगून ठेवले आहे. १८९५ साली गिरणीच्या विस्ताराच्या प्रसंगी बोलताना त्यांनी स्पष्ट केले की, आपण इतरांपेक्षा अधिक निःस्वार्थी किंवा अधिक उदार आहोत असा आपला दावा नाही. आपण सरळ व्यापारी तत्त्वांवर धंदा केला, भागधारकांचे हित ते आपले हित मानले आणि कामगारांचे आरोग्य व कल्याण हा भरभराटीचा पाया मानला. हा प्रामाणिक माणूस आहे. कल्याणाला तो गुंतवणूक म्हणतो. चरित्रकार मात्र त्याच्याच तोंडावर हात ठेवून त्याला दानशूर म्हणवून घेतात. कामगाराच्या निवृत्तिनिधीला दान म्हणण्यात केवढा अपमान आहे हे आपल्या ध्यानात येते का? मजुरीचा काही भाग आज न देता म्हातारपणी दिला, तर ती लांबणीवर टाकलेली मजुरी होते. तिला दान म्हणणे म्हणजे ऋणकोने कर्ज फेडताना धनकोला आशीर्वाद देण्यासारखे आहे.

आता जमशेटजींच्या चरित्रांत क्वचितच आढळणाऱ्या एका माणसाकडे वळू. नारायण मेघाजी लोखंडे हे त्याच काळात मुंबईत होते. ते जमशेटजींहून नऊ वर्षांनी लहान, जोतीराव फुल्यांचे अनुयायी, सत्यशोधक. मांडवीच्या एका गिरणीत त्यांनी भांडारावर नोकरी केली होती, तेव्हा गिरणी आतून कशी असते हे त्यांना कुणी सांगावे लागले नव्हते. १८८० पासून ते ‘दीनबंधु’ चालवीत होते. १८८४ साली सरकारने नेमलेली कारखाना चौकशी समिती मुंबईत बसली, तेव्हा तिच्यापुढे मालक होते, डॉक्टर होते, अधिकारी होते, कामगार नव्हते. त्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा झाल्या आणि तिथे ठरलेल्या मागण्यांचा अर्ज साडेपाच हजार सह्यांनिशी समितीकडे गेला. याच सुमारास गिरणी कामगारांची ती संघटना उभी राहिली, जिला आपण देशातील पहिली म्हणतो.

त्या अर्जातल्या मागण्या आपल्या प्रत्येक अभ्यासमंडळात मोठ्याने वाचल्या पाहिजेत. रविवारी पुरी सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात पडावा. आणि पाचवी मागणी ही, की गिरणीत काम करताना जायबंदी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पुरा पगार मिळावा, आणि तो जन्माचा निकामी झाला तर त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी.

ही मागणी १८८४ ची आहे. नागपूरच्या गिरणीत अपघाताची भरपाई सुरू झाली १८९५ साली, अकरा वर्षांनी. जमशेटजींनी हा अर्ज वाचून भरपाई सुरू केली असे मला सुचवायचे नाही, आणि माझ्या मुद्द्याला त्याची गरजही नाही. आपल्याला सांगण्यात येते की भरपाई, निवृत्तिनिधी, कामाचे मर्यादित तास या कल्पना दूरदर्शी मालकाच्या मनात उगवल्या आणि कामगाराला त्या न मागता मिळाल्या. ‘न मागता’ हे शब्द खोटे आहेत. मागितले होते, लेखी मागितले होते, सह्या आणि अंगठे उमटवून मागितले होते. मालकाच्या दूरदृष्टीच्या आधी कामगाराची मागणी आहे. दूरदृष्टी एवढीच की एका मालकाने ती मागणी न्याय्यही आहे आणि फायद्याचीही आहे हे इतरांपेक्षा लवकर ओळखले.

रविवारची सुट्टी कशी मिळाली पाहा. सहा वर्षे अर्जविनंत्या झाल्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन स्त्री-कामगारही तिथे बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. पुढल्या वर्षी, १८९१ च्या कायद्यात, ती देशभरच्या कारखान्यांना लागू झाली. मुंबईतल्या कुणा मालकाने तोवर आपल्या मर्जीने रविवार दिला असेलही. त्याने शेजारच्या गिरणीतील बाईला रविवार मिळाला नाही. तो मिळाला मैदानातल्या दहा हजारांमुळे आणि कायद्यामुळे. या कायद्यांना बहुतेक राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी विरोध केला होता हेही विसरू नये. लँकेशायरच्या मालकांना आपला धंदा बुडवायचा आहे म्हणून हे कायदे येतात, अशी त्यांची तक्रार होती. तिच्यात अर्धे सत्य होते. लँकेशायरचा हेतू शुद्ध नव्हताच. पण सात वर्षांच्या मुलाने साच्याखाली वाकून तुटलेला धागा जोडावा, हा काही स्वदेशीचा विजय नव्हता.

लोखंडे ९ फेब्रुवारी १८९७ रोजी वारले. मुंबईत प्लेग पसरला असता रोग्यांची शुश्रूषा करताना तो त्यांनाच लागला. वयाची पन्नाशीही गाठली नव्हती. कोणत्याही दानशूरांच्या यादीत त्यांचे नाव नाही. असायला हवे असेही नाही, कारण त्यांनी काही दान दिले नाही.

मालकाच्या निधीचा हक्क होण्यास किती काळ लागला? अपघात-भरपाईचा कायदा १९२३ साली आला. नागपूरनंतर अठ्ठावीस वर्षांनी, आणि लोखंडे यांच्या अर्जानंतर एकोणचाळीस वर्षांनी. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ साली आला, म्हणजे नागपूरच्या निधीनंतर सहासष्ट वर्षांनी. या सहासष्ट वर्षांत देशात लाखो कामगार गिरण्यांतून, गोद्यांतून, खाणींतून म्हातारे होऊन रिकाम्या हाताने गावी परतले. त्यांच्या मालकांसमोर नागपूरचे उदाहरण होते. उदाहरणाने किती मालक सुधारले? चांगल्या मालकाच्या उदाहरणाने बाकीचे मालक चांगले होतात हा उद्योगपतींच्या चरित्रांचा गाभा आहे, आणि ही सहासष्ट वर्षे म्हणजे त्या सिद्धांताला मिळालेले उत्तर आहे. नागपुरातसुद्धा पुढे रामभाऊ रुईकरांसारख्यांना गिरणी कामगारांची संघटना बांधावी लागलीच.

आता विद्यादानाकडे येऊ, कारण टाटांचे नाव निघाले की तेथेच बोट दाखवले जाते, आणि ते योग्यही आहे. परदेशी शिक्षणासाठी १८९२ साली काढलेला निधी सुरुवातीला पारशांपुरता होता, दोन वर्षांत तो सर्वांना खुला झाला. विज्ञानसंस्थेसाठी त्यांनी मुंबईतील सुमारे तीस लाख रुपयांची मालमत्ता देऊ केली आणि संस्थेला आपले नाव लावण्याचा आग्रह धरला नाही. आज नाक्यावरच्या बाकड्यावरसुद्धा देणगीदाराचे नाव बाकड्यापेक्षा मोठे असते, तेव्हा या संकोचाचे मोल कळते. मात्र ही संस्था एकट्याच्या देणगीने उभी राहिली नाही. म्हैसूर संस्थानाने ३७१ एकर जमीन दिली, वार्षिक अनुदान दिले, हिंदुस्थान सरकारनेही आपला वाटा उचलला. संस्था १९०९ साली स्थापन झाली. म्हैसूरचा पैसा म्हणजे म्हैसूरच्या रयतेचा सारा. शंभराहून अधिक वर्षे ही संस्था मुख्यतः सार्वजनिक पैशावर चालत आली आहे. परळच्या टाटा कर्करोग रुग्णालयाचीही तीच गोष्ट. १९४१ साली टाटांच्या निधीने ते सुरू झाले. १९५७ साली केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने ते हाती घेतले आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. महाराष्ट्राच्या कोपऱ्याकोपऱ्यातून माणसे गाठोडी घेऊन तिथे येतात, फुटपाथवर मुक्काम करतात, आणि पावती हातात घेताना म्हणतात, टाटांनी वाचवले. त्या माणसांना दोष देता येत नाही, दारावर नाव तेच आहे. पण त्यांचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा पगार या देशाच्या तिजोरीतून जातो, आणि त्या तिजोरीत त्या रोग्याने काडेपेटी घेताना भरलेला करही आहे, हे त्यांना सांगणारा कार्यकर्ता आपल्याला हवा आहे. सांगायचे अशासाठी की फुटपाथवर झोपण्याची पाळी का येते हा प्रश्न तेव्हाच विचारता येतो. दात्याला प्रश्न विचारता येत नाही, सरकारला येतो.

जमशेटजींचा दानाविषयीचा विचारही एकदा सरळ समोर ठेवला पाहिजे. दुबळ्यांना ठिगळे लावण्यापेक्षा समाजातील सर्वोत्तम आणि गुणवान माणसांना वर उचलावे, म्हणजे ती देशाची सर्वांत मोठी सेवा करतील, असे त्यांचे मत होते. आपल्या पैशाचे काय करावे हे ठरवण्याचा त्यांना अधिकार होता. पण समाजाने आपले शिक्षणाचे धोरण या मतावर बेतावे का? सर्वोत्तम कोण हे निवडण्याआधी सर्वांना शाळेत बसवावे लागते. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडले होते, की रयतेच्या पैशातून वरच्यांचे शिक्षण होते आणि रयतेची मुले अडाणी राहतात. हा दोन दृष्टींतला खरा वाद आहे, आणि ज्याच्याजवळ पैसा आहे त्याची दृष्टी जिंकते, कारण फुल्यांना संस्था स्थापण्यासाठी तीस लाखांच्या इमारती नव्हत्या.

मुळशीचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. मुंबईच्या गिरण्यांसाठी सह्याद्रीच्या पाण्यापासून वीज काढावी ही योजना जमशेटजींच्या मनातली. ती त्यांच्या पश्चात पुरी झाली, आणि तिच्या पुढच्या टप्प्यात नीला-मुळेच्या संगमाजवळ धरण आले. सुमारे पन्नास गावे पाण्याखाली जायची होती. १६ एप्रिल १९२१, रामनवमी, या दिवशी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी तो १९२४ पर्यंत लढवला आणि अखेर तो हरला. यात जमशेटजींचा दोष नाही. ते सतरा वर्षांपूर्वीच निवर्तले होते. पण त्यांच्या वारसाच्या नावाने मिळवलेले यश आपण त्यांच्या खाती मांडत असू, तर मुळशी कुणाच्या खाती मांडायची? खाजगी कंपनीसाठी सरकारने १८९४ चा भूसंपादन कायदा वापरला, आणि ‘सार्वजनिक प्रयोजन’ म्हणजे काय हे कंपनी व सरकार यांनी मिळून ठरवले. मावळातल्या पुष्कळ जमिनींवर पुण्याच्या सावकारांची नावे चढलेली होती, त्यांना जमिनीपेक्षा नुकसानभरपाईत रस होता, आणि लढ्यात फूट पडण्याचे ते एक कारण झाले. जमीन कसणाऱ्याला कुणी काही विचारले नाही. त्या तलावाच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या, रेल्वे चालली. त्याचा लाभ समाजाला झाला हे खरेच. तो समाज मुळशीत राहत नव्हता.

या ठिकाणी आपल्यातलेच काही मित्र गांधीजींच्या विश्वस्त-कल्पनेचा आधार घेतात आणि टाटांचे निधी हे तिचे मूर्त रूप मानतात. त्यांनी तो मसुदा पुन्हा वाचावा. प्रा. दांतवाला यांनी प्रथम तयार केलेल्या आणि गांधीजींनी आपल्या हाताने दुरुस्त केलेल्या त्या टिपणात, संपत्तीची मालकी आणि वापर यांचे कायद्याने नियमन करणे वर्ज्य मानलेले नाही. किमान वेतन असावे तशी कमाल उत्पन्नाचीही मर्यादा असावी असे त्यात आहे. या अटी वगळून उरते ती विश्वस्तता धनिकाला फार सोयीची असते.

एम्प्रेस गिरणीचे पुढे काय झाले? शंभराहून अधिक वर्षे चालल्यावर तिचा तोटा वाढला आणि १९८६ साली ती राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली. २००२ साली ती बंद पडली. आज त्या जागेवर मोठे व्यापारी संकुल उभे आहे आणि नावात ‘एम्प्रेस’ तेवढे उरले आहे. दात्याच्या घराण्याची शंभर वर्षांची ममता तोट्याच्या ताळेबंदापुढे टिकली नाही, आणि सरकारी महामंडळाच्या सोळा वर्षांच्या मालकीने तिला वाचवले नाही. दुसरी गोष्ट आपल्याला सोयीची नसली तरी ती लपवू नये. नवी यंत्रे न घेता, कामगारांना व्यवस्थापनात स्थान न देता, आजारी गिरणी कचेरीच्या दावणीला बांधणे म्हणजे सामाजिक मालकी नव्हे. पण त्याचे उत्तर ‘मालक चांगला असावा’ हे होत नाही.

हा सगळा जुना इतिहास उकरण्याचे कारण आजचे आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करण्यास सांगितले. कोणत्या कार्यावर, कोणत्या गावी, हे कंपनीचे संचालक मंडळ ठरवते. सप्टेंबर २०१९ मध्ये सरकारने कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. तिजोरीला एका वर्षात १ लाख ४५ हजार कोटींचा खड्डा पडेल हा अंदाज सरकारचाच होता. सगळ्या कंपन्यांचा मिळून त्या वर्षीचा सामाजिक खर्च या रकमेच्या चौथ्या हिश्शाइतकाही नव्हता. लोकसभेत ज्याचा हिशेब मागता येतो असा रुपया सोडून दिला, आणि जो संचालकांच्या मर्जीने खर्च होतो असा चाराणा मिळाल्याबद्दल आपण त्यांचे सत्कार करतो आहोत. गावच्या शाळेला रंग लागला, भिंतीवर कंपनीचे बोधचिन्ह आले. त्या शाळेत शिक्षक नाही, कारण भरती थांबली आहे. भरती थांबली आहे, कारण तिजोरीत पैसा नाही असे सांगतात.

दुसऱ्या बाजूने, चार कामगार संहिता २०१९-२० मध्ये संसदेने मंजूर केल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या लागू झाल्याचे जाहीर झाले. अपघात-भरपाईचा १९२३ चा आणि भविष्यनिधीचा १९५२ चा असे दोन्ही कायदे त्यांत विलीन झाले. कामगारकपातीसाठी सरकारी परवानगी लागण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. संपासाठी आधी नोटीस देण्याचे बंधन, जे पूर्वी मुख्यतः सार्वजनिक सेवांपुरते होते, ते आता प्रत्येक कारखान्याला आहे. १८७७ साली नागपूरच्या कामगारांनी मजुरीच्या दरावरून काम थांबवले तेव्हा त्यांना असली नोटीस द्यावी लागली नव्हती. हक्काची बाजू अशी पातळ होत असतानाच दानाची बाजू जाड होत जाते. हा योगायोग नाही, ती एकाच धोरणाची दोन अंगे आहेत.

जिल्हा शाखांना एक काम सुचवावेसे वाटते. आपल्या औद्योगिक वसाहतीतील ज्या कंपन्या शाळा-दवाखान्यांना देणग्या देतात, त्यांचे वार्षिक अहवाल मिळवावेत. सामाजिक खर्चाचा तपशील प्रसिद्ध करणे त्यांना कायद्याने बंधनकारक आहे. त्या खर्चाच्या शेजारी तीन आकडे लिहावेत: त्या कारखान्यात कायम कामगार किती, कंत्राटी किती, आणि गेल्या पाच वर्षांत जायबंदी झालेल्यांपैकी किती जणांना पुरी भरपाई मिळाली. तिसरा आकडा अहवालात बहुधा सापडणार नाही. त्यासाठी पाळी सुटण्याच्या वेळी फाटकाशी उभे राहावे लागेल.